पदराला लावता येईल अशी उठावाची पिन कार्डावर बसवायचीय, कशी बसवू?

अनुजा_ठाणे

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण सगळं एकदाच विचारून घेते. माझी आत्या सांगलीजवळच्या एका शाळेत मराठी शिकवते, मेअखेर रिटायर होतेय आणि शाळेत छोटासा निरोप समारंभ आहे. शाल-श्रीफळ तर होणारच, आम्ही भावंडंही मिळून काहीतरी घेतोय, पण मला माझ्याकडून तिच्यासाठी हाताने केलेलं कार्ड द्यायचंय आणि त्या कार्डाच्या दर्शनी बाजूला एक पिन हवीय, म्हणजे ब्रोच, जी ती कार्डावरून काढून त्याच दिवशी पदराला लावू शकेल. आत्या रोज साडी नेसते, कडक इस्त्रीची, आणि खांद्यावर कायम साधी सेफ्टी पिन. त्या जागी काहीतरी तिच्यासाठीच केलेलं असावं असं फार मनात आहे.

डिझाइन कोयरीचं ठरवलंय, उठावाचं, बोट फिरवलं की जाणवेल असं, आणि कोयरीच्या पोटात तिच्या नावाचं पहिलं अक्षर 'शा'. कार्डं मी नेहमी बनवते, क्विलिंग, पॉप-अप वगैरे सगळं येतं, पण पिन कधी केली नाहीये.

तर प्रश्न असे. एक म्हणजे एम्बॉसिंग पावडरवालं करू (ओल्या शाईवर टाकून तापवली की वितळून उठून दिसते ती) की धातूच्या पत्र्यावर करू? पावडर आणि शाई माझ्याकडे आहे पण हीट गन नाही, हेअर ड्रायर चालेल का? दुसरं, आणि हे मला जास्त छळतंय, पिन कार्डाला टोचून लावली तर काढल्यावर दोन भोकं दिसणार, मग ते कार्ड पुढे कपाटात जपून ठेवण्यासारखं राहणार का? तिसरं, पिनची मागची पट्टी कशाने चिकटवायची, माझा अनुभव फक्त पांढऱ्या गोंदाचा आणि ग्लू गनचा आहे. आणि शेवटचं म्हणजे समारंभाला मला जाता येईलच असं नाही, सुट्टीचं नक्की नाहीये, म्हणजे कदाचित कुरियर नाहीतर पोस्टाने पाठवावं लागेल, तर पिन पाकिटातून बाहेर येऊ नये म्हणून काय करता तुम्ही लोक?

कात्रीकागद

अनुजा, कल्पना फार आवडली. आधी तुझा दुसरा प्रश्न घेते कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. कार्डावरची पिन करताना बहुतेकजण कार्डाच्या पुढच्या पानाला खाच पाडतात आणि पिनची सुई त्यातून आत घालून आतल्या बाजूने लॉक करतात, मग आत उघडल्यावर लोखंडी काडी दिसते म्हणून तिच्यावर आणखी एक कागद, तो उचकटायचा कसा ते देणाऱ्यालाच माहीत, घेणारा माणूस बिचारा कार्ड फाडतो. त्यापेक्षा पिन कार्डाला लावूच नकोस. कार्डावर एक कापडी पट्टी लाव आणि पिन त्या पट्टीला लाव.

म्हणजे असं बघ. कार्डाच्या पुढे चिकटवायचा जो वेगळा पॅनल असतो, समजा १२ बाय १७ सेंमीचा, त्याच्यावर उभी एक पट्टी घ्यायची, दीड ते पावणेदोन सेंमी रुंद. सॅटिनची रिबन चालते पण तुझ्या कामाला खणाची किंवा आत्याच्याच एखाद्या जुन्या इरकलीच्या काठाची पट्टी काय दिसेल! कापड सुटू नये म्हणून मागून इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग लावून मग काप, शिंपी लोक कॉलरला लावतात ते, पण त्यातलं सगळ्यात पातळ माग. पट्टीची दोन्ही टोकं पॅनलच्या वरून आणि खालून मागे वळवून तिथेच चिकटव. मध्ये कुठेही गोंद लावायचा नाही. आता ३० मिमीची बार पिन, म्हणजे ब्रोचच्या मागे चिकटवतात ती पट्टी आणि सुई, घेतलीस तर तिची सुई त्या पट्टीच्या मागून आडवी सरकते आणि दुसऱ्या बाजूला लॉक होते, कापडाला सुद्धा टोचत नाही. पट्टी सुईपेक्षा अरुंदच हवी, एवढं एक लक्षात ठेव, नाहीतर लॉक बसणार नाही. पिन खाली घसरते ती घसरू नये म्हणून पट्टीच्या मागे, जिथे पिन बसणार त्याच्या बरोबर खाली, फोम टेपचा बारीक आडवा तुकडा पॅनलला चिकटव, सुई त्याच्यावर टेकून राहते.

पिन काढली की मागे काय उरतं, तर काठाची पट्टी लावलेलं पूर्ण कार्ड. भोक नाही, गोंदाचा डाग नाही, रिकामी जागाही वाटत नाही. मी तर म्हणेन डिझाइन करताना आधी पिन नसलेलं कार्ड डोळ्यासमोर आण, ते तसंच देता येईल इतकं चांगलं झालं पाहिजे. कारण पिन एकदा निघाली की ती साडीवर जाणार, नाहीतर डब्यात, आणि कार्ड पुढे वर्षानुवर्षं तसंच, पिनशिवाय राहणार आहे.

आता पावडर. हेअर ड्रायर नाही चालत. एकतर तेवढं तापमान त्याचं जात नाही आणि वारा इतका जोरात की वितळायच्या आधीच पावडर टेबलावर पसरते. हीट गनचा वारा कमी असतो आणि उष्णता खूप जास्त. घरी काही नसेल तर कागद खालून तापवायचा, इस्त्री कडक तापवून उलटी घट्ट पकडायला कुणाला तरी सांग आणि कागद तिच्या जरा वर धर, पावडर खडबडीत साखरेसारखी दिसत असते ती एकदम चकचकीत होते, झाली की लगेच बाजूला घे. जास्त तापलं तर पावडर कागदात मुरते, तेलकट दिसते, उठाव बसून जातो. हार्डवेअरच्या दुकानातली मोठी गन रंग सोलायला असते, ती कागद जाळते, वापरलीसच तर सगळ्यात कमीवर ठेवून लांबून. खिडकी उघडी ठेव, वास येतो. आणि शाईचा ठसा मारायच्या आधी कागदावर टाल्कम पावडरीचा अगदी हलका हात फिरवून झटकून टाक, नाहीतर घामामुळे नको तिथे सोनेरी ठिपके चिकटतात, मे महिन्यात ठाण्याच्या हवेत हे होणारच होणार.

पण साध्या पावडरीचा उठाव केसाएवढाच असतो, पिनला तो पुरत नाही. त्यासाठी जाड दाण्याची एनॅमल पावडर येते, ती पुठ्ठ्यावर एकावर एक असे तीन-चार थर वितळवायचे आणि शेवटचा थर गरम असतानाच त्यात शाई लावलेला रबर स्टॅम्प दाबून ठेवायचा, पूर्ण थंड झाल्याशिवाय उचलायचा नाही. शाई नसेल तर स्टॅम्प आतच चिकटतो. दिसतं सुंदर, अगदी लाखेच्या शिक्क्यासारखं, पण त्याला कोयरीचा तयार स्टॅम्प लागतो आणि 'शा' असलेला स्टॅम्प तुला करूनच घ्यावा लागेल.

मृण्मयी_के

मॅग्नेटवाली पिन का नाही करत? मागे सुई नसतेच, दोन चुंबकं, एक पिनला चिकटलेलं आणि एक कापडाच्या आतून. ऑफिसच्या नेमप्लेटला हल्ली तेच असतं. सिल्कला भोक पडत नाही आणि कार्डाला तर काहीच करावं लागत नाही, मधे कार्ड पकडलं की झालं.

पत्राकाम_पुणे

मी तांब्याच्या पत्र्याच्या बाजूने बोलणार, नावावरून कळलंच असेल. पावडरीची पिन कार्डावर देखणी दिसते पण रोज साडीला लावायची म्हणजे ती नखाने ओरखडली जाते, किल्ल्यांबरोबर पर्समध्ये गेली की कोपऱ्यांचे टवके उडतात, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली तर मऊ पडते. आत्या रोज वापरणार असतील तर धातूच घ्या. आणि 'शा' पाहिजे म्हणजे हातानेच काढणार ना, मग पत्र्यासारखं सोपं काही नाही, स्टॅम्पही नको आणि गनही नको. संपलेलं बॉलपेन, जुना माउसपॅड आणि फरशीचा एक तुकडा, एवढीच हत्यारं.

पत्रा घेताना एक गोष्ट नीट ऐका कारण इथे सगळे फसतात. परदेशी व्हिडिओत ३६ गेज (जाडीचा नंबर) सांगतात. तो त्यांच्या मोजमापाने साधारण ०.१३ मिमी असतो. आपल्याकडे दुकानात ३६ नंबर मागितला की एसडब्ल्यूजीचा, म्हणजे ब्रिटिश मापाचा मिळतो आणि तो भरतो जवळजवळ ०.१९ मिमी, बॉलपेनने त्यावर बारीक काम होत नाही, हात भरून येतो. आपल्याकडचा ४० नंबर म्हणजे ०.१२ मिमी, तो मागा. किंवा सरळ मिमीमध्येच बोला, ०.१ ते ०.१५ च्या मधला. तुम्हाला मुंबईत किका स्ट्रीटला मिळून जाईल, पुण्यात आमच्याकडे रविवार पेठेत. थोडाच तुकडा हवा म्हणून सांगा, आणि गुंडाळून द्या म्हणा, घडी घालून दिला की ती घडी आयुष्यभर जात नाही.

आकाराबद्दल, पिनच कोयरीच्या आकाराची कापू नका. कोयरीचं ते वळलेलं टोक आहे ना, तिथे पत्रा मागे दुमडताना सुरकुततो आणि फाटतो, ते टोक सुईसारखं लागतं आणि नेमकं पदराच्या जरीत अडकतं. अंडाकृती पिन करा, साडेचार सेंमी उंच, साडेतीन रुंद, आणि तिच्यावर कोयरी काढा.

बाइंडिंगचा २ मिमी जाडीचा पुठ्ठा घेऊन त्याचा अंडाकृती तुकडा कापा, कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. पत्रा त्याच्यापेक्षा सगळीकडून ६-७ मिमी मोठा. डिझाइन बटर पेपरवर काढून पत्र्याच्या मागच्या बाजूला टेपने पक्कं करा, पण कागद उलटा करून, कारण मागून दाबलेलं पुढे आरशासारखं उलटं उमटतं. कोयरी उलटी झाली तर कुणाला कळणार नाही, 'शा' उलटा झाला तर मराठीच्या बाईंना लगेच कळेल.

आता पत्रा माउसपॅडवर ठेवून मागून आधी नुसती बाह्यरेषा, एकाच दमात, थांबत थांबत नाही, थांबलं की तिथे खळगा पडतो. मग कागद काढा आणि आतला भाग भरायला लागा, बॉलपेन जवळजवळ आडवं धरून छोटे गोल गोल फिरवत, मधून कडेकडे, म्हणजे पोट फुगीर येतं. एकदम खोल दाबायचं नाही. थोडं मागून दाबायचं, मग पत्रा सुलटा करून फरशीवर ठेवायचा आणि आइस्क्रीमच्या लाकडी काडीच्या टोकाने रेषेच्या बाहेरची जमीन, म्हणजे डिझाइनभोवतीचा मोकळा पत्रा, खाली बसवायची, परत उलटा करून मागून थोडं. ही आलटापालट जितक्या सावकाश कराल तितका उठाव तरतरीत येतो. नवीन माणूस नुसता मागूनच रेटत राहतो आणि आकार पोकळ फुग्यासारखा दिसतो, कडा उमटतच नाहीत. सगळी मजा पुढून जमीन बसवण्यात आहे. मोकळ्या जागेत शेवटी टोचणीने दाट ठिपके मारा, म्हणजे गुळगुळीत कोयरी आणखी वर आलेली वाटते. आमच्याकडे कसब्यात तांबट आळी आहे, तिथे हंडे-घंगाळांवर हातोडीने जे मठारकाम करतात ते बघा एकदा कधी आलात तर, ठोक्याशेजारी ठोका बसून तांबं कसं चमकायला लागतं ते. आपलं ठिपक्याचं काम त्याच्यापुढे काहीच नाही पण नजर तिथूनच तयार होते.

उठाव झाला की मागचे खळगे भरायचे, हे अजिबात टाळू नका, नाहीतर कुणीतरी अंगठ्याने दाबलं की कोयरी आत गेलीच म्हणून समजा. एमसील मळून खळग्यात भरा, पट्टीने सपाट करा, रात्रभर ठेवा. मग त्यावर पुठ्ठा चिकटवा, बाहेर राहिलेल्या पत्र्याला कात्रीने बारीक दाते पाडा आणि एकेक दाता पुठ्ठ्यामागे वळवून काडीने दाबून बसवा. हातमोजे घाला, या पत्र्याची धार ब्लेडसारखी असते.

नंतर चिंचेच्या कोळाने आणि मिठाने नुसता पुढचा भाग पुसून काढा, पाण्यात बुडवायचं नाही, आत पुठ्ठा आहे. ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा. खाचांत काळा रंग भरायचा असेल तर काळा ॲक्रेलिक लावून अर्धवट वाळला की कोरड्या कापडाने वरचा पुसून टाका, खाचेत राहतो आणि कोयरी उजळते. शेवटी पारदर्शक लॅकरचे दोन हलके हात. लॅकर नसेल तर आपल्या दमट हवेत तांबं पंधरा-वीस दिवसांत काळवंडतं आणि फिक्या रंगाच्या साडीला हिरवट डागही देऊ शकतं.

सुलभाकाकू

अनुजा बाळा, साडी नेसणारी म्हणून दोन गोष्टी सांगते. सुतीला काही होत नाही पण रेशमी साडीला जाड सुई लावली की धागा तुटतो, भोक राहतं आणि मग ते वाढत जातं. दुकानात बार पिन घेताना सुई डोळ्यासमोर धरून बघ, बारीक आणि टोकाला खरंच टोकदार हवी, बोथट सुई तर जास्त फाडते. आणि लॉक फिरवायचं असलेलंच घे, नुसता आकडा असलेलं नको, पदर सावरताना उघडतं. आत्याला सांग की पिन लावताना पदराच्या सगळ्या निऱ्या आणि ब्लाउज एकत्र धरूनच लाव, एकट्या वरच्या पदरावर लावली की सगळा भार एका धाग्यावर येतो.

मॅग्नेटचं सुचवलंय ते छान आहे पण घरात किंवा शाळेत कुणाला पेसमेकर असेल तर त्यांच्यापासून ती पिन लांबच राहिली पाहिजे, आमच्या यांना डॉक्टरांनी सांगितलंय की कुठलंही मॅग्नेट छातीपासून निदान १५ सेंमी दूर ठेवायचं. खांद्यावरची पिन म्हणजे गळाभेट घेताना बरोबर तिथेच येते. निरोप समारंभात तर सगळेच भेटणार. आणि शिवाय पाच निऱ्या, ब्लाउज, अस्तर एवढ्या जाडीतून छोटं मॅग्नेट धरत नाही, माझं एक असंच रिक्षात उतरताना पडलं.

मृण्मयी_के

अरे हो काकू, पेसमेकरचं डोक्यातच नव्हतं. मग सुईवालीच बरी.

अनुजा_ठाणे

बापरे, किती छान सांगितलंत सगळ्यांनी, मी वहीत उतरवून घेतलंय. पट्टीची आयडिया वाचल्यावर आईला फोन केला तर आजीच्या एका इरकलीचा काठ तिच्याकडे आहे म्हणाली, साडी विरलीय पण काठ अजून खणखणीत आहे, तो पाठवतेय. म्हणजे आत्याच्या आईच्या साडीचा काठ कार्डावर येणार! हे माझ्या डोक्यात नव्हतंच आलं, कात्रीकागद, तुझे आभार कसे मानू.

तांबंच करते आता. पावडर कार्डावर वापरेन, पट्टीच्या दोन्ही बाजूंना छोट्या सोनेरी कोयऱ्या. आता उरलेलं, एक तर पिनची मागची पट्टी तांब्याला चिकटणार कशी, पत्र्याचे दाते मागे वळवल्यावर तो भाग ओबडधोबड असेल ना? आणि पॅनलला कुठला कागद घेऊ, ३०० जीएसएमचा कार्डस्टॉक आहे पण गुळगुळीत पांढरा, काठाच्या बाजूला तो फार नवीन नवीन दिसेल असं वाटतंय. आणि पाठवायचं कसं ते कुणीच सांगितलं नाही.

पत्राकाम_पुणे

मागे दाते झाकायला फेल्ट चिकटवा, पुठ्ठ्यापेक्षा एक मिमी लहान, पण ते सगळ्यात शेवटी. बार पिन फेल्टवर चिकटवू नका, फेल्टचे तंतू उपटून पिन हातात येते. दाते वळवल्यावर मध्ये जो उघडा पुठ्ठा राहतो त्यावर पातळ पत्र्याचा किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाचा तुकडा बसवा, तो आणि बार पिनची पाठ दोन्ही पॉलिश पेपरने खरवडा, आणि दोन ट्यूबचं ॲरल्डाइट समान घेऊन नीट घोटून लावा. चोवीस तास हात लावायचा नाही. झटपट चिकटणारा गोंद इथे नको, तो कडक होऊन धक्क्याने सुटतो आणि आजूबाजूला पांढरी बुरशी आल्यासारखी झाक सोडतो, लॅकरवर ती फार घाण दिसते. ग्लू गनचा गोंद गुळगुळीत धातूवरून सोलून निघतो. मग फेल्टला मधे आडवी चीर पाडून पिनवरून घाला, म्हणजे फेल्ट पिनच्या पट्टीला वरून दाबून धरतो.

बार पिन मधोमध नाही लावायची. वरच्या एक तृतीयांशात, आडवी. मधोमध लावली की वरचा भाग पुढे झुकतो आणि पिन जमिनीकडे बघत राहते, कोयरी कुणाला दिसतच नाही.

कात्रीकागद

आजीच्या साडीचा काठ! मग तर गुळगुळीत पांढरा कागद नकोच. हातकागद घे, सुती चिंध्यांपासून करतात तो, ऑफव्हाइट. पुण्यात कुणी असेल तर शिवाजीनगरच्या हँडमेड पेपर इन्स्टिट्यूटमधून मागव, १९४० पासूनची संस्था आहे, रंग आणि जाडी हातात घेऊन निवडता येते. पॅनल हातकागदाचा आणि आतलं मुख्य कार्ड तुझ्याकडच्या ३०० जीएसएमचं, कारण हातकागदाची घडी तेवढी धारदार पडत नाही. फक्त हातकागदाच्या रवाळ अंगावर एम्बॉसिंग पावडर नको तिथे अडकते, ठसा मारल्यावर जास्तीची पावडर झटकून मग कोरड्या बारीक ब्रशने कडा साफ करून घे आणि मगच तापव. तापवायचं काम पट्टी लावायच्या आधी उरकून टाक, इरकलीला तेवढी आच लागू द्यायची नाही.

काठाला फ्युजिंग लावताना सुद्धा वरून सुती रुमाल ठेवून मंद इस्त्री, जुनं रेशीम आहे. आधी काठाच्या टोकाच्या एका तुकड्यावर बघून घे. काठ जर दोन सेंमीपेक्षा रुंद असेल तर कापू नकोस ग, दोन्ही कडा मागे दुमडून पावणेदोनपर्यंत आण, म्हणजे पूर्ण काठ शाबूत राहील.

आणि आत लिहायला जागा ठेव. पिन कशी काढायची ते पण आत एका ओळीत लिही, 'सुई पट्टीमागून डावीकडे सरकवा' असं, नाहीतर समारंभात चारचौघांत आत्या ओढाताण करत बसतील.

निखिल_मिरज

पाठवण्याचं मी सांगतो, राख्या आणि कार्डं नेहमी पाठवतो. साध्या पाकिटात अजिबात टाकू नका. तुमची पिन सगळी धरून ७-८ मिमी तरी जाड होणार, पत्रांच्या गठ्ठ्यात दाबली की कार्डाच्या आतल्या पानावर तिचा वळ उठतो आणि पाकीट त्याच जागी फाटतं. ५ मिमीचा सनबोर्ड (फोमचा हलका, कडक बोर्ड) घ्या, कार्डाच्याच मापाचे दोन तुकडे, दोन्हीत पिनच्या जागी पिनपेक्षा अर्धा सेंमी मोठी खिडकी कापा आणि एकावर एक चिकटवून कार्डाच्या पुढच्या बाजूवर ठेवा. म्हणजे पिन खिडकीत बसते आणि सगळं सपाट होतं, वरून कितीही वजन आलं तरी ते सनबोर्डवर जातं. कार्डाच्या मागे एक साधा पुठ्ठा, मग सगळं बटर पेपरमध्ये आणि त्यावर प्लॅस्टिक, कारण मेअखेरीला आमच्याकडे वळवाचा पाऊस कधी पण येतो. प्लॅस्टिक लॅकरला थेट टेकू देऊ नका, उन्हात चिकटतं.

पोस्टाच्या काउंटरवरून स्पीड पोस्ट करा, पेटीत टाकू नका. ठाण्याहून सांगलीला लवकर पोचतं पण समारंभाच्या आठवडाभर आधी सोडा. आणि शाळेच्या पत्त्यावर नको, मेमध्ये शाळेला सुट्टी असते, शिपाई भेटला तर ठीक नाहीतर परत जाईल. घरच्याच पत्त्यावर, कुणातरी चुलत भावाचा फोन नंबर टाकून, म्हणजे आत्यांना आधी कळणार नाही.

अनुजा_ठाणे

शाळेच्या सुट्टीचं बरं आठवण केलंत, मी शाळेचाच पत्ता घालणार होते. चुलत भावाकडेच पाठवते मग.

पत्राकाम, एकच विचारायचं राहिलं. 'शा' चा काना कोयरीच्या कडेला अगदी चिकटून येतोय माझ्या ड्रॉइंगमध्ये, चालेल का?

पत्राकाम_पुणे

नाही चालणार. दोन उठावांच्या मध्ये निदान दोन-अडीच मिमीची जमीन लागते, नाहीतर पुढून काडीने बसवायला जागाच मिळत नाही आणि दोन्ही रेषा एकमेकीत मिसळतात. अक्षर लहान करू नका, कोयरीचं पोट मोठं करा आणि तिच्या आतली वेलबुट्टी काढून टाका, नुसता 'शा' राहू दे. शिरोरेषा पण जरा जाड ठेवा, एका रेषेची नाही, दोन रेषा काढून मधे भरा. आणि कोयरीची बाहेरची कड पिनच्या काठापासून ४ मिमी आत पाहिजे, दाते दुमडताना पत्रा तेवढा ताणला जातो. आधी एका छोट्या तुकड्यावर फक्त अक्षर काढून बघा, ते जमलं की मग मोठा पत्रा घ्या.